शेवटच्या रांगेपर्यंत

तालीम संपून मी बासला कव्हर चढवत होते. आमचे कंडक्टर स्टँडांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "कुसेवित्स्की वाजवशील? सहा महिने आहेत हातात." मला वाटलं, पियानोच्या साथीनं एखादा छोटा कार्यक्रम असेल. तसं विचारलंही. ते म्हणाले, "नाही, आपल्या ऑर्केस्ट्राबरोबर. सबंध कन्सर्टो."

कन्सर्टो म्हणजे एक वाद्य पुढे आणि सबंध ऑर्केस्ट्रा त्याच्या साथीला. मी हो म्हटलं ते दुसऱ्या दिवशी. चौदा वर्षं मी या ऑर्केस्ट्रात डबल बास, म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं पण त्याहून कितीतरी मोठं, खर्जातलं वाद्य वाजवतेय आणि चौदा वर्षं माझं काम एकच आहे: खर्ज भरायचा. व्हायोलिनं गात असतात, ओबो काहीतरी सांगत असतो आणि आम्ही बासवाले त्यांच्या पायाखालची जमीन धरून ठेवतो. हे काम मला मनापासून आवडतं. आमचा सूर जरासा खाली सरकला, तर वरचे सगळे आपापल्या जागी असूनही बेसूर वाटायला लागतात. हे ज्यानं एकदा ऐकलंय, त्याला हे काम दुय्यम वाटणारच नाही. पण जमीन धरणं वेगळं आणि सगळ्यांच्या पुढे उभं राहून बोलणं वेगळं. विभागात वाजवताना माझा आवाज शेजाऱ्याच्या आवाजापासून वेगळा ऐकू आला, तर ती माझी चूक असते. आता तो वेगळा ऐकू आला नाही, तर ती चूक ठरणार होती. या उलटापालटीला किती दिवस लागतील, याचा अंदाज तेव्हा मला नव्हता.

सर्गेई कुसेवित्स्की बहुतेकांना माहीत असतो तो कंडक्टर म्हणून. १९२४ ते १९४९ अशी पंचवीस वर्षं बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा त्याच्या हाताखाली होता. बार्टोकनं 'कन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' लिहिला, तोही याच्याच सांगण्यावरून. पण हा माणूस मुळात बासवाला. मॉस्कोत शिष्यवृत्तीवर बास शिकला, विशीत बोल्शोय थिएटरच्या ऑर्केस्ट्रात लागला, १९०२ मध्ये हा कन्सर्टो लिहिला आणि १९०५ मध्ये मॉस्कोत स्वतःच वाजवला. त्याच्या आधीचा बासवाला बोत्तेसिनी, ज्यानं १८७१ मध्ये कैरोला 'आयदा' या ऑपेराचा पहिला प्रयोग कंडक्ट केला, त्याची गोष्ट तर आम्हा बासवाल्यांत सगळ्यांना पाठ आहे. मिलानच्या कॉन्झर्वेटरीत शिष्यवृत्तीच्या दोनच जागा उरल्या होत्या, एक 'बसून' नावाच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची आणि एक बासची. घरात व्हायोलिन शिकलेल्या त्या पोरानं काही आठवड्यांत बासची तयारी केली आणि प्रवेश मिळवला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण मीही बासकडे आले ती अशीच. मुलांच्या ऑर्केस्ट्रात बासला कोणी नव्हतं आणि वर्गात सगळ्यांत उंच मी होते. आधी वाद्यानं आपल्याला निवडायचं आणि मग हळूहळू आपण त्याला, असं आमच्यात पुष्कळांचं होतं.

बासवर एकट्यानं वाजवण्याची अडचण नेमकी काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. सर्वांत खालची ई तार सेकंदाला साधारण ४१ कंपनं करते. हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरांहून जास्त. एवढी लांब लहर जोरानं बाहेर टाकायची, तर वाद्याचं अंग आहे त्याहून कितीतरी मोठं पाहिजे. मग ते पेलणार कोण? म्हणून बास दिसायला अवाढव्य असला तरी स्वतःच्या सुरांच्या मानानं लहानच आहे. त्यात माणसाचा कान खालच्या सुरांना मंद. तेव्हा सोलो लिहिणारे बासला वर चढवतात. पण वर गेलं की तिथं चेलो, व्हायोला, क्लॅरिनेट, हॉर्न आधीच ठाण मांडून बसलेले. खाली असताना आवाज पोचत नाही आणि वर गेलं तर गर्दीत हरवतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे तारा चढवणं. एरवी आमच्या तारा ई, ए, डी, जी अशा असतात. सोलोसाठी बारीक तारांचा वेगळा संच लावून सगळ्या एक पूर्ण स्वर वर मिळवायच्या: एफ शार्प, बी, ई, ए. आवाजाला धार येते, सूर लवकर बोलतो. माझे सर सत्तरी ओलांडलेले आहेत आणि त्यांनी आयुष्यभर दोन्ही प्रकारे वाजवलंय. ते म्हणाले, "नेहमीच्या तारांवर वाजवलंस तरी चालेल. हल्ली वाजवतात तसं. पण पहिल्यांदाच ऑर्केस्ट्रासमोर उभी राहतेयस, तर मिळेल ती मदत घे." मी घेतली.

तारा बदलायला एक अख्खी दुपार गेली. एका वेळी एकच तार काढायची, कारण आतला साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोट आणि पाठीमधली छोटी लाकडी काठी, नुसता दाबावर उभा असतो. सगळा ताण एकदम उतरला तर तो पडतो. घोडीचंही, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या लाकडी पट्टीचंही, तसंच. तिचे पाय वाद्याच्या पोटावर फक्त टेकलेले असतात. खुंटीची चावी फिरवली की तार घोडीवरून सरकते आणि सरकताना घोडीचा माथा स्वतःबरोबर फिंगरबोर्डकडे ओढते. दर तीन-चार वेढ्यांनंतर मी थांबत होते, बाजूला गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघत होते की घोडी ताठ आहे ना. नव्हती. दोन्ही तळहात पोटावर टेकवले, अंगठे आणि बोटांच्या चिमटीत तिचा माथा धरला आणि केसाएवढा मागे घेतला. लाकूड करकरलं तेव्हा पोटात गोळा आला. खाचांमध्ये पेन्सिलीचं शिसं घासलं, म्हणजे तार अडकत नाही. संध्याकाळी चारही तारा चढल्या. सकाळी बघते तो सगळ्या पाव स्वर उतरलेल्या. नव्या तारा ताणत जातात. तीन दिवस रोज हेच.

मग खरी गंमत सुरू झाली, म्हणजे कानाची. माझ्यासमोरच्या कागदावर ई मायनर लिहिलेलं, बोटं ई मायनरची आणि कानावर पडतं एफ शार्प मायनर. हार्मोनियमवाल्यांना पट्टी बदलायची सवय असते. माझ्या कानाला चौदा वर्षं एकच पट्टी ठाऊक. बोट बरोबर जागी पडायचं, कान म्हणायचा चूक आहे, आणि कानाचं ऐकून बोट सरकलं की खरोखरच चूक व्हायची. दोन आठवडे मी अक्षरशः भांबावलेली होते. शेवटी मोबाइलवर तानपुरा लावला, काळी तीनवर, म्हणजे एफ शार्पच. आधी कागद मिटून ओळ गळ्यानं म्हणायची, मग तीच वाजवायची. सर पहिल्या दिवसापासून हेच सांगत आलेत की बोट पडायच्या आधी सूर गळ्यात पाहिजे. मी ते अनेकदा ऐकलं होतं. केलं मात्र आत्ता, गरज पडल्यावर.

गळ्याची गरज आणखी एका कारणानं आहे. माझ्या बासची तार घोडीपासून वरच्या टोकापर्यंत १०५ सेंटिमीटर आहे. खालच्या भागात अर्ध्या स्वराचं अंतर जवळपास सहा सेंटिमीटर. तारेच्या मध्यावर, अष्टकापाशी, तेच तीन सेंटिमीटर होतं आणि तिथून पुढे आणखी आकसत जातं. म्हणजे एकाच ओळीत हाताला सारखं वेगळ्या मापानं चालावं लागतं. कुसेवित्स्की तर खालून वर झेप घेतो आणि वर जाऊन गायला लागतो. वर अंगठाही फिंगरबोर्डवर येतो, नखाच्या बाजूची कडा तारेवर आडवी दाबून. ऑर्केस्ट्रात ही वेळ आमच्यावर क्वचित येते, त्यामुळे माझ्या अंगठ्याची ती कड मऊ होती. पहिल्या महिन्यात तिथं पाण्यानं भरलेला फोड आला, फुटला, आणि त्याखाली कातडी निबर व्हायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत मी खालच्या जागांवरच्या ओळी करत बसले आणि वरच्या ओळी गात बसले. सक्तीची विश्रांती होती, पण पाठांतर तिच्यातच झालं.

मधल्या काळात ऑर्केस्ट्राच्या पार्टचा, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या स्वरांच्या छापील पानांचा घोळ झाला. सोलोच्या तारांवर वाजवायचं, तर ऑर्केस्ट्राला एफ शार्प मायनरचे पार्ट हवेत. नेहमीच्या तारांवर वाजवायचं, तर ई मायनरचे. दोन्ही मिळतात, म्हणून मागवताना मी दोनदा लिहून कळवलं होतं. गठ्ठा आला, तशी मी सहज म्हणून पहिल्या व्हायोलिनचं पान उघडलं. एफ शार्प मायनरसाठी ओळीच्या सुरुवातीला शार्पच्या तीन खुणा दिसायला हव्या होत्या. एकच होती. म्हणजे ई मायनर. तालमीला तीन आठवडे होते. हे पहिल्या तालमीतच लक्षात आलं असतं, तर समोर साठ माणसं वाद्यं घेऊन बसलेली आणि मी त्यांच्यापेक्षा एक स्वर वर, असं चित्र झालं असतं. पाठवणाऱ्यांनी चूक मान्य केली, पण दुसरा संच पोचेपर्यंत दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत तारा परत उतरवाव्यात की काय, हा विचार रोज मनात यायचा. ज्यांना कधी हा कन्सर्टो करायचा असेल त्यांना माझं एवढंच सांगणं, गठ्ठा आला की त्याच दिवशी उघडा, आणि व्हायोलिनचं पान बघा. हॉर्नचं नको. हॉर्नच्या पानावर सूर मुळातच वेगळ्या पट्टीत लिहिलेले असतात, त्यावरून काहीच कळत नाही.

आता त्या दिवसाबद्दल, ज्या दिवशी माझी सगळी तयारी मुळापासून हलली. तालमींआधी एकदा पियानोबरोबर पूर्ण वाजवून बघायचं म्हणून रिकामा हॉल मिळवला. साथीला माझी जुनी मैत्रीण. ती पियानोवर आणि तिचा नवरा, ज्याला संगीतातलं फारसं कळत नाही, तो श्रोता. त्याला मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलं. मी जीव ओतून वाजवलं. चार महिन्यांत एवढं चांगलं कधी झालं नव्हतं. संपल्यावर तो खाली आला आणि म्हणाला, "छान वाटलं. पण एक सांगू का? कोणीतरी भिंतीपलीकडे गातंय असं वाटत होतं. चाल कळते, शब्द कळत नाहीत."

शब्द कळत नाहीत. मी घरी येऊन मोबाइलवरचं ध्वनिमुद्रण ऐकलं. तोही शेवटच्या रांगेतच ठेवला होता. मैत्रिणीच्या नवऱ्याचं बोलणं तंतोतंत खरं होतं. सूर होते, लांबच लांब, गोल, एकातून एक वितळणारे. जवळून ते सुंदर लागतात. वीस मीटरांवर त्यांचा नुसता गुंजारव उरतो.

सरांना ऐकवलं. त्यांनी पहिली दोन मिनिटं ऐकून बंद केलं. "तू नुसते स्वर म्हणतेयस," ते म्हणाले. "व्यंजनं कुठायत? 'कमळ' म्हणताना नुसतं 'अ अ' म्हटलंस तर कोणाला कळणार आहे?" आणि मग त्यांनी माझाच बास घेतला. गज तारेवर ठेवला, पण ओढला नाही. नुसता दाबून रोवला. केस तारेला चिकटलेले मला दिसत होते, काडी किंचित वाकली होती. मग दाब सोडता सोडता ओढला. 'क' असा आवाज आला आणि त्यामागून सूर. जोर माझ्याहून कमीच होता. खोलीच्या बाहेरून त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "आता कोण वाजवतंय?"

पुढचे पाच आठवडे मी फक्त सुरांच्या सुरुवातीवर काम केलं. रोज पहिला अर्धा तास मोकळ्या तारा, रोवायचं आणि सोडायचं. गज घोडीच्या जवळ नेला. तिथं आवाज जरा खरखरीत लागतो आणि वाजवणाऱ्याला स्वतःला तो आवडत नाही. पण ती खरखर तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही, जातो तो सूर. एका गजात बांधलेल्या लांब ओळी मी दोन-दोन, कुठे तीन गजांत तोडल्या. हे मला सुरुवातीला पाप वाटत होतं, कारण लिहिणाऱ्यानं ओळ सलग लिहिलीय. पण ओळ सलग ऐकू यावी म्हणून ती तोडावी लागते, असं या वाद्याचं आहे. सूर हलवणं म्हणजे व्हायब्रेटो, तो सुरू होताच न करता थोडा थांबून करायला शिकले. आधी सूर कुठला ते कळू दे, मग त्याला हलव. राळसुद्धा बदलली. मऊ राळ तारेला जास्त धरते, पण उकाड्यात गज चिकट होतो, म्हणून दर दिवशी दोनच फेरे. आवाज मोठा करायचा हट्ट मी या पाच आठवड्यांत सोडला. तो सोडला तसा खांदाही दुखायचा थांबला.

ऑर्केस्ट्राबरोबरची पहिली तालीम तरीही वाईट गेली. हॉर्ननी सुरुवातीची ललकारी दिली आणि त्यानंतर मी एकटीनं बोलायचं असतं. तिथपर्यंत ठीक. पण सगळे आत आल्यावर मला माझाच आवाज ऐकू येईना. माणूस अशा वेळी काय करतो? दाबतो. मी पाच आठवड्यांत शिकलेलं सगळं दोन मिनिटांत विसरून गज दाबायला लागले आणि तार घुसमटली. कंडक्टरनी काठी खाली ठेवली. माझ्याशी ते काहीच बोलले नाहीत. ऑर्केस्ट्राकडे वळून म्हणाले, "सगळ्यांनी पेन्सिल काढा. जिथं पियानो लिहिलंय तिथं पियानिसिमो करा. जिथं फोर्टे लिहिलंय आणि ती वाजवत असेल, तिथं मेझो पियानो. पहिल्या व्हायोलिनचे शेवटचे दोन डेस्क सोलोच्या वेळी गप्प. चेलो निम्मे. बास एकच." पियानो म्हणजे हळू, पियानिसिमो अगदी हळू, फोर्टे मोठ्यानं, मेझो पियानो बेताचं हळू. साठ जणांच्या पेन्सिलींचा आवाज झाला. त्या आवाजानं मला जो धीर दिला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. एवढी माणसं स्वतःचा आवाज कमी करत होती, कारण माझा ऐकू यावा. चौदा वर्षं मी हे इतरांसाठी केलं होतं, आणि ते करताना समोरच्याला काय वाटत असेल याची मला कल्पना नव्हती.

'बास एकच' म्हणजे माझा शेजारी. आम्ही चौदा वर्षं एका स्टँडवरून वाजवतोय. पान तो उलटतो. आता तो एकटाच खालचा सूर धरून होता. मधल्या सुट्टीत तो म्हणाला, "अगं, तू माझ्याकडे पाठ करून वाजवतेयस, पण मला तुझा उजवा कोपर दिसतो. तू फक्त कोपर जरा आधी उचल, मी येतो बरोबर." मग पुढच्या सगळ्या तालमींत आम्ही कोपरानं बोलत राहिलो.

दुसऱ्या तालमीत वेगळंच उघड झालं. मी सगळ्यांच्या किंचित पुढे पळत होते. मला पटेना, कारण मेट्रोनोमबरोबर सगळं चोख होतं. कंडक्टरच्या आधी माझ्या शेजाऱ्यालाच ते उमगलं. जाड तार उशिरा बोलते, म्हणून आम्ही बासवाले ठोक्याच्या जरा आधी गज लावतो. हे कोणी शिकवत नाही, वर्षानुवर्षांत हातात मुरतं. पण माझ्या सोलोच्या तारा बारीक होत्या आणि सुराची सुरुवात आता स्पष्ट झाली होती, त्यामुळे सूर लगेच बोलत होता. हात मात्र जुन्या हिशेबानं आधीच निघत होता. कंडक्टर म्हणाले, "तू अजून आम्हाला धरून चालतेयस. चालू नकोस. तू बोल, आम्ही येतो." ऐकायला सोपं. करताना दर वेळी वाटायचं की मी उशीर करतेय, सगळा डोलारा माझ्यामुळे कोसळणार. तीन तालमींनंतर कुठे हात थांबायला लागला.

हॉर्नवाल्यांशी मी वेगळी बोलले. कन्सर्टोचं दार तेच उघडतात आणि त्यातून मला आत यायचं असतं. त्यांचा श्वास मागच्या बाजूला, मी पुढे, मला दिसणार काय? त्यांच्यातली जी पहिली आहे ती म्हणाली, "दिसायला नको. मी श्वास ऐकू येईल असा घेते, तूही घे." तेवढ्यानं काम झालं. त्यानंतर प्रत्येक वेळी त्यांच्या श्वासाबरोबर माझा श्वास आत जायचा आणि ललकारी संपली की गज आपोआप रोवला जायचा.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हॉलवर तालीम होती. ध्वनीची व्यवस्था बघणाऱ्यांनी आपणहून माइक देऊ केला. कंडक्टरनी निर्णय माझ्यावर सोडला. मी नको म्हटलं. स्पीकरमधून आलेला बास मोठा असतो, पण तो वाद्यातून येत नाही, भिंतीवरून येतो. माणसं वाद्याकडे बघतात आणि आवाज दुसरीकडून येतो. पाच आठवडे व्यंजनं घोटली ती त्यासाठी नव्हती. माइकऐवजी मी एक पोकळ लाकडी चौथरा मागितला, वीतभर उंचीचा. बासचा एंडपिन, म्हणजे खालची दांडी, त्यावर टेकला की चौथराच पोटासारखा घुमायला लागतो. आधी मी जमिनीवरच्या गालिच्यावर उभी राहून वाजवलं, मग चौथऱ्यावर. पायांच्या तळव्यांना सूर लागत होता. शेवटच्या रांगेत मैत्रिणीचा नवरा पुन्हा बसला होता. त्यानं तिथूनच दोन्ही हात वर केले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळचं फार सांगण्यासारखं नाही, कारण फार आठवत नाही. सगळ्यांनी वाद्यं मिळवावीत म्हणून ओबोनं ए दिला. सोलोच्या तारांवर माझी सर्वांत वरची मोकळी तार ए आहे, ओबोच्या बरोबर दोन अष्टकं खाली. त्या तारेच्या पाव लांबीवर बोट नुसतं टेकवलं की जो हार्मोनिक, म्हणजे वरचा बारीक सूर निघतो, तो ओबोचाच ए, सेकंदाला ४४० कंपनांचा. दोन्ही सूर हवेत एकमेकांवर आले, क्षणभर थरथरले, मी चावी तसूभर फिरवली आणि थरथर थांबली. एवढं लख्ख आठवतं. मग मागून श्वास, ललकारी, आणि मी.

पहिल्या भागात एका वरच्या झेपेत बोट अर्धा सेंटिमीटर अलीकडे पडलं. सूर फाटला. मला तो ऐकू आला आणि पुढच्याच सुराला हात परत जागेवर होता. संथ भागात हॉल इतका शांत झाला की मी गज घोडीपासून दूर नेण्याचं धाडस केलं, तालमीत कधी न केलेलं, आणि कंडक्टरनी माझ्याकडे बघून ऑर्केस्ट्रा आणखी खाली नेला. तिसऱ्या भागाची सुरुवात पहिल्या भागासारखीच आहे. हॉर्नची तीच ललकारी पुन्हा येते. पहिल्या वेळी ती ऐकताना माझे गुडघे थरथरत होते. या वेळी मी तिची वाट बघत होते.

मध्यंतरात पाच मिनिटं लोक भेटले. सर आले, काही बोलले नाहीत, माझा डावा अंगठा उलटा करून त्याची कड बघितली आणि मान डोलावली. मग मला घाई करावी लागली, कारण दुसऱ्या अर्ध्यात बीथोव्हनची पाचवी सिम्फनी होती आणि मी त्यात माझ्या नेहमीच्या जागी वाजवणार होते. त्यासाठी ऑर्केस्ट्राचा दुसरा बास आधीच नेहमीच्या तारांवर मिळवून ठेवला होता. स्टुलावर बसले. तार जाड, खाली, ओळखीची. शेजाऱ्यानं पान लावलं.

पाचवीच्या तिसऱ्या भागाच्या मध्यावर एक जागा आहे, जिथं चेलो आणि बास एकदम धावत सुटतात आणि बाकी सगळे थांबून ऐकतात. आम्ही ती कित्येक वेळा वाजवलीय. हातांनी आपण होऊन गज घोडीजवळ नेला, तार रोवली आणि सोडली. पहिल्या दोन बारनंतर शेजाऱ्यानं मान न वळवता डोळे माझ्याकडे फिरवले, आणि तिसऱ्या बारला त्यानंही त्याचा गज घोडीकडे सरकवला.